बाळ दोन किलोचं, थंडी कडाक्याची

प्रश्न : सुनेला दहा दिवसांपूर्वी मुलगी झाली. वजन २ किलो १०० ग्रॅम. दवाखान्यातून कालच घरी आणलंय. तळवे गार लागतात. शेगडीची धुरी द्यावी का? अंघोळ कधी घालायची?
— एक आजी, कोरेगाव तालुका, जि. सातारा

उत्तर : धुरी नको, आजी. धुरानं बाळाचा श्वास कोंडतो, आणि ऊबही टिकत नाही. खरी शेगडी आईची छाती. बाळाला फक्त टोपरं, लंगोट, मोजे घाला. आईच्या उघड्या छातीवर उभं धरा, पाय बेडकासारखे, मान एका कुशीला. हनुवटी छातीत रुतू देऊ नका, तिथंच श्वास अडतो. वरून मऊ लुगडं बांधा. एका वेळी निदान तासभर. दिवसभरात ८ तासांच्या पुढं जितकं जमेल तितकं. आई दमली तर बाबांनी घ्यावं, तुम्हीही घेऊ शकता.

पोट गरम अन् तळवे गार म्हणजे बाळ ऊब राखण्यात ताकद घालवतंय. पोटही गार लागलं तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा.

अशी कमी वजनाची बाळं ओढता ओढता झोपी जातात, रडून मागत नाहीत. दर दोन तासांनी उठवून पाजा, रात्रीसुद्धा. ओढ कमी पडली तर दूध पिळून वाटी-चमच्यानं द्या. बाटली, मध, गुटी काही नको. अंघोळ वजन अडीच किलो होईपर्यंत थांबवा, कोमट फडक्यानं पुसलं तरी भागतं.

पिणं सोडलं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, अंग तापणं : यातलं काहीही दिसलं तर १०२ ला (सरकारी रुग्णवाहिकेला) फोन करा. १४ व्या दिवशी आशाताई येतील, तेव्हा वजन समोर करून घ्या.