वाचकांचे प्रश्न : अवकाशबंदरावरचा बाजार

प्रश्न : आम्ही पाच मित्र दर रविवारी विज्ञानकथेच्या विश्वात घडणारा रोलप्लेइंग खेळ, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, खेळतो आणि तो चालवण्याची, म्हणजे गेममास्टरची, जबाबदारी माझ्याकडे असते. आमचे यान वरचेवर अवकाशबंदरावर उतरते. तेथील दुकाने रंगतदार व्हावीत म्हणून मी निळ्या कातडीचे दुकानदार, तरंगत्या पाट्या, बोलणारी शस्त्रे असे सारे आणून पाहिले. तरीही खेळाडू इंधन भरतात आणि निघून जातात. लक्षात राहतील अशी दुकाने कशी रचावीत?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपण दुकानाच्या पाटीपासून सुरुवात केलीत, ती त्या बंदराच्या अडचणीपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण नाशिकचे, म्हणून उदाहरणही घरचेच देतो. पावसाळ्यात गोदावरीचे पाणी चढू लागले की काठावरची माणसे दुतोंड्या मारुतीकडे पाहतात आणि पाणी त्याच्या कमरेला लागले की छातीला, यावरून पुराचा अंदाज घेऊन माल हलवायला लागतात. त्या काठावर कोणते दुकान कोठे असावे आणि काय उंचावर ठेवावे, हे नदी ठरवते. आपल्या बंदराची नदी कोणती, हे आधी ठरवा.

समजा, ती सौर वादळे आहेत. अशा वादळात येणारे प्रारणकण अडवायला पाणी चांगले उपयोगी पडते, त्यामुळे बंदरातील सर्वांत सुरक्षित जागा पाण्याच्या टाक्यांमागची असणार. त्या अंधाऱ्या बोळात एक चहावाली बसते. एरवी तिच्याकडे कोणी फिरकत नाही. पण भोंगा वाजला की तिच्या सहा बाकांवर बसण्याचे दर मिनिटामिनिटाला चढतात. खेळाडू तेथे चार तास अडकले आणि समोरच्या बाकावर त्यांचाच माल पळवणारा दलाल येऊन बसला, तर पुढे काय घडवायचे हे आपल्याला ठरवावे लागणार नाही.

दुसरी अडचण वजनाची. पृथ्वीवर आखलेला ताणकाटा चंद्रावर नेला तर एक किलोचा माल जेमतेम 165 ग्रॅम दाखवतो, कारण तेथील गुरुत्वाकर्षण सुमारे एक षष्ठांश आहे. दोन पारड्यांचा तराजू मात्र तेथेही एक किलोच दाखवतो. म्हणजे ताणकाट्यावर माल विकत घेणारा आणि तराजूवर विकणारा व्यापारी नवख्या यानवाल्यांना सहज नागवू शकतो. बंदर भारहीन असेल तर ही दोन्ही साधने निकामी ठरतात. तेथे माल स्प्रिंगला बांधून हलवायचा आणि त्याला एका हेलकाव्यास किती वेळ लागतो यावरून वस्तुमान काढायचे; अंतराळवीरांचे वस्तुमानही याच तत्त्वावर मोजतात. आता दृश्य पाहा : म्हातारा दुकानदार पोते स्प्रिंगच्या चौकटीत आवळतो, एक झटका देतो आणि हातातल्या घड्याळावर नजर ठेवून ओठांतल्या ओठांत हेलकावे मोजू लागतो. विसाव्या हेलकाव्याला तो थांबतो, पोत्याकडे बघतो आणि म्हणतो, “दादा, आत काहीतरी सुटं आहे. हेलकावा बिघडतोय.” खेळाडूंनी ते पोते उघडूनही पाहिलेले नसते.

खाण्याचे दुकान हवे असेल तर त्यालाही असेच कारण द्या. भारहीन अवस्थेत शरीरातील द्रव डोक्याकडे सरकतो, सर्दी झाल्यासारखे नाक चोंदते आणि जेवण बेचव लागते, म्हणून अंतराळवीर तिखट मागतात. मात्र पूड उधळून डोळ्यांत जाते. त्यामुळे अंतराळ स्थानकावर मीठ पाण्यात आणि मिरी तेलात मिसळून देतात. आपला लसणाचा ठेचा तेलात कालवून नळीतून विकणारी बाई अशा बंदरावर खुशाल श्रीमंत होऊ द्या.

मला स्वतःला सर्वांत प्रिय असलेले दुकान मात्र वस्तूंचे नाही. पंचवटीतल्या तीर्थपुरोहितांकडे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नामावळीच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितले की आपले आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले, याची नोंद ते काढून दाखवतात. बंदरावरही उतरणाऱ्या प्रत्येक खलाशाची नोंद पिढ्यान्‌पिढ्या ठेवणारे एक घराणे असू द्या. आपल्या खेळाडूंपैकी कोणाचे वडील यानासह बेपत्ता झाले असतील, तर त्याला ती वही उघडायला लावा, आणि वडिलांच्या हातची सही अपघातानंतरच्या तारखेची निघू द्या. त्या बैठकीत इंधनाचे नाव कोणी काढणार नाही, ही माझी खात्री आहे.

निळी कातडी आणि तरंगत्या पाट्या टाकून देण्याचे कारण नाही. त्या शेवटी घाला, एका दुकानाला एकच.

प्रश्न : प्रत्येक बंदरासाठी किती दुकाने तयार ठेवावीत? माझी वीस-वीस दुकाने लिहून वाया जातात.
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : मोठ्या बंदरासाठी तीन पुरेत, बाकीच्यांचे नुसते नाव आणि वास लिहून ठेवा. आकार ठरवण्यासाठी 1977 साली आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या अवकाशप्रवासाच्या रोलप्लेइंग खेळाची पद्धत आजही कामाची आहे. त्यात बंदरांना ए ते ई अशा श्रेणी आहेत : ए श्रेणीत शुद्ध इंधन मिळते आणि तारायाने बांधली जातात, तर ई श्रेणी म्हणजे खूण केलेली मोकळी जमीन, जेथे इंधनही मिळत नाही. एक्स श्रेणीत बंदरच नसते. ई श्रेणीच्या जागी एकच टपरी ठेवा. पण तो टपरीवाला अवकाशपोशाखाला ठिगळ लावून देणारा असावा, उतरलेल्यांच्या चिठ्ठ्या सांभाळणारा असावा, आणि त्यातली एक चिठ्ठी आपल्या खेळाडूंच्या नावाची असावी.