मुलाच्या सायकलचा फुटपाथवर धक्का लागला, आता पुढे काय?

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. पुण्यात पौड रस्त्याने तो क्लासला सायकलवर जातो. बसची भीती वाटते म्हणून मीच त्याला फुटपाथवरून जा असं सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात औषधाच्या दुकानाची पायरी उतरणाऱ्या एका आजोबांना त्याचा धक्का लागला आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. त्यांचा मुलगा तीन लाख रुपये मागतोय, नाहीतर ‘पोलिसांत देतो, तुम्हालाच आत टाकतील’ म्हणतो. आजोबाच अचानक आडवे आले, असं माझा मुलगा सांगतो. चूक कुणाची?

उत्तर : ताई, आधी तुमची झोप उडवणारी गोष्ट बाजूला करते. २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ घराघरांत पोचलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. ही धमकी तिथूनच आलेली दिसते. पण ते कलम मोटार वाहनांसाठी आहे. पायडलची सायकल मोटार वाहन नाही, म्हणून तिला लायसन्स लागत नाही आणि विमाही लागत नाही. हे कलम तुम्हाला लागू होत नाही. सायकल बॅटरीची असेल तर मात्र लगेच कळवा, कारण मोटरची ताकद किंवा वेग ठरावीक मर्यादेबाहेर असेल तर ती मोटार वाहनात मोडते.

चूक कुणाची, याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. ती मुलाची आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १०३ प्रमाणे पदपथावर वाहन चालवायला किंवा ढकलत न्यायला मनाई आहे. त्यातून सूट फक्त तान्ह्या बाळाच्या ढकलगाडीला दिलेली आहे, आणि या कायद्यात ‘वाहन’ म्हटलं की सायकलही आली. ‘आजोबा अचानक आडवे आले’ हा बचाव म्हणूनच टिकणार नाही. रस्ता ओलांडणाऱ्याने दोन्हीकडे पाहावं, हे बरोबर. पण दुकानाच्या पायरीवरून फुटपाथवर पाय ठेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने कुठून सायकल येतेय का हे पाहत बसायचं नसतं. त्याला बेफिकीर चालता यावं म्हणूनच फुटपाथ असतो. पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं. मला हे मनापासून पटतं.

पोलिसांत तक्रार झालीच तर काय? हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत ‘गंभीर दुखापत’. निष्काळजीपणाने ती झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ (ब) खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आकडा वाचून घाबरू नका, ती शिक्षा सज्ञान माणसासाठी आहे. तुमच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल, आणि तिथे हा ‘किरकोळ’ वर्गातला अपराध ठरतो. अशा प्रकरणात मुलावर एफआयआर न करता पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद घ्यायची असते. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. दोषी ठरला तरी त्याचा डाग पुढच्या आयुष्याला लागू नये, अशीही तरतूद कायद्यात आहे.

आता पैसे. सायकलचा अपघात मोटार अपघात न्यायाधिकरणात जात नाही, त्यांना दिवाणी दावा लावावा लागेल. तिथे तोंडी आकडा चालत नाही. एक्स-रे, प्लास्टर, औषधं, रिक्षा, घरी मदतीला ठेवलेली बाई, सगळ्याच्या पावत्या लागतात, आणि त्यावर वेदनेपोटी काही रक्कम. पावत्या मागा आणि जे खरं आहे ते खळखळ न करता द्या. रोख देऊ नका, बँकेतूनच द्या. समजुतीचा कागद ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा, पण त्यात ‘पैसे मिळाले म्हणून तक्रार करणार नाही’ असं वाक्य घालू देऊ नका. गुन्हा दडपण्याच्या अटीवरचा करार बेकायदा ठरतो. कागद फक्त उपचारखर्च आणि भरपाईचा असू द्या.

एक नाजूक गोष्ट. आई आहे म्हणून मुलाच्या चुकीची भरपाई आपोआप तुमच्यावर येत नाही. पण फुटपाथवरून जा असं तुम्हीच सांगितलंत, आणि हा तुमचा स्वतःचा निष्काळजीपणा धरला जाऊ शकतो. कुणी विचारलं तर खोटं बोलू नका. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक खुलासे आणि भांडणं आजपासून बंद.

तुमची भीती मला कळते. मागून बस हॉर्न वाजवत आली की मोठ्या माणसाचेही हात लटपटतात. तरीही मुलाला रस्त्यावरच आणा, सायकलची जागा तिथे आहे. पादचारी, सायकलस्वार, मुलं आणि वृद्ध यांची विशेष काळजी घेणं हे २०१७ च्या वाहनचालन नियमावलीने गाडीवाल्यांवर टाकलेलं कर्तव्य आहे. मुलाने डावीकडून जावं, पण उभ्या गाड्यांना खेटून नाही. कारचं दार उघडलं तरी लागणार नाही एवढं अंतर ठेवावं. पुढची बस तिच्या स्टॉपकडे वळत असेल तर ती आणि फुटपाथ यांच्या फटीत घुसायचं नाही, मागे थांबायचं. उलट दिशेने एक पाऊलही नको. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. पहिले दोन-तीन रविवार सकाळी तुम्ही किंवा त्याचे बाबा त्याच्याबरोबर त्याच रस्त्याने जा. ब्रेक आजच दुकानात दाखवून घ्या.

पावत्या मागायला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या आणि आजोबांची विचारपूस त्याला स्वतःला करू द्या. वकिलाची नोटीस आली किंवा ठाण्यातून फोन आला, तर त्याला एकट्याला कुठेही पाठवू नका. तुम्ही सोबत जा, आणि जाण्याआधी मला कळवा.