विरामचिन्हं शिकवताय? आधी मोठ्यानं वाचा

नववीचा वर्ग पहिल्यांदाच घेताय ना सर, मग चिन्हांच्या व्याख्या सध्या बाजूला ठेवा. फळ्यावर गोदेचा पूर लिहा (नाशिकला तो नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात): "पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं." खाली तेच: "पाणी गुडघ्याला. कमरेला. छातीला." दोन्ही मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या. स्वल्पविरामात पाणी धावतं, पूर्णविरामात काठावरची माणसं श्वास रोखतात. नाशिकच्या पोरांना हे समजवावं लागत नाही.

सुरुवातीच्या चुका दोनच:
- तीन-तीन उद्गारचिन्हं. निबंधाला एकच द्या, जपून वापरतील.
- वाक्य सुचलं नाही की टिंबं. (मी वर्षभर लाल शाई उधळली, उपयोग शून्य.)

अर्धविराम (;), अपसारणचिन्ह (—) दिवाळीनंतर. कंटाळलेच तर सांगा, जुन्या मोडी पत्रांत ही चिन्हं नव्हतीच.