ओटीत भुलीच्या बाजूला उभं राहायला शिकताना

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वॉर्डात दीड वर्ष काढल्यावर तुला उपजिल्हा रुग्णालयाच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये टाकलं. भूलतज्ज्ञ डॉक्टर जिल्ह्याहून बोलावल्यावर येतात, इन्चार्ज सिस्टर दोन महिन्यांत रिटायर होताहेत, आणि मग रात्रीच्या सीझरला भुलीच्या बाजूला तू एकटीच. भीती वाटते, विचारायला गेलं की ओरडा बसतो. शिवाय अमेरिकेत नर्सच भूल देतात, तसं आपल्याकडे होता येईल का, हेही विचारलंयस. माझी २९ वर्षं मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत गेली, त्यातली २२ ओटीत. तेवढ्यावरून सांगते.

अमेरिकेचं आधी. तिकडे नर्स भूल देतात हे खरं आहे आणि ते आजकालचं नाही. तिकडच्या मेयो बंधू या सर्जनांकडे ॲलिस मॅगॉ नावाची नर्स होती. तिने १९०६ साली स्वतः दिलेल्या १४,००० हून जास्त भुलींचा आढावा छापला, त्यात भुलीमुळे एकही पेशंट दगावलेला नव्हता. मास्कवर ईथर थेंब थेंब टाकायची आणि पेशंटशी शांतपणे बोलत राहायची. १९३१ मध्ये या नर्सेसची संघटना झाली. आता तिथे आयसीयूचा अनुभव आणि त्यावर डॉक्टरेटच्या पातळीचं शिक्षण लागतं. आपल्याकडे तसा मार्ग नाही, भूल डॉक्टरच देतात. भूलतज्ज्ञ अपुरे पडतात म्हणून सरकारने बाळंतपणातल्या तातडीच्या भुलीसाठी एमबीबीएस डॉक्टरांचं वेगळं प्रशिक्षण काढलं, सुरुवातीला ते १८ आठवड्यांचं होतं. तेव्हा उद्या कुणी म्हणालं, "सिस्टर, डॉक्टर रस्त्यात आहेत, तेवढं तुम्हीच सुरू करा," तर नाही म्हणायचं. समोर कुणीही असो. मॅगॉबाईंचं बोलत राहणं मात्र तू उद्यापासून घेऊ शकतेस, त्याबद्दल खाली लिहिते.

पेशंट टेबलावर येण्याआधी "उपाशी आहेस ना?" असं कधीच विचारू नकोस. आपल्या भागात या प्रश्नाचं उत्तर "हाव, उपास हाय" असं येतं आणि उपास म्हणजे वाटीभर साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी. एकादशीला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या एका आजोबांनी मला अगदी खऱ्या मनाने सांगितलं होतं की सकाळपासून अन्नाचा कण घेतला नाही. खिचडी त्यांच्या लेखी अन्न नव्हती. म्हणून विचारायचं, "शेवटचं तोंडात काय घातलं आणि किती वाजता?" चहा, दूध, तंबाखू, मिसरी, एकेकाचं नाव घेऊन. भुलीआधी साधं पाणी २ तास बंद, हलकं खाणं ६ तास, तळकट असेल तर त्याहून जास्त. आणि कळा सुरू असलेली बाई कितीही तास उपाशी असली तरी पोट भरलेलंच धरायचं, कारण कळांमध्ये पोट लवकर रिकामं होत नाही. उलटी झाली तर ती ओढून घ्यायला सक्शनचं मशीन चालू करून, नळी पेशंटच्या डोक्यापाशी. लाइट गेली तर पायाने चालणारं सक्शन कुठे आहे हे अंधारात सापडलं पाहिजे.

ऑक्सिजनचा हिशेब डोक्यात ठेव. काळं अंग, पांढरा खांदा असलेला बी टाइप सिलिंडर भरलेला असला की त्यात साधारण १,५०० लिटर गॅस असतो. मिनिटाला ५ लिटर लावले तर ५ तास, १० लावले तर अडीच. गेजचा काटा निम्म्यावर आला म्हणजे गॅसही निम्मा उरला. निळ्या सिलिंडरमधल्या नायट्रसला, म्हणजे भुलीच्या गॅसला, हा हिशेब लागत नाही. तो आत द्रवरूपात असतो, त्यामुळे काटा शेवटपर्यंत हलत नाही आणि मग एकदम पडतो. नवीन मुली तिथे फसतात.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते.

आठेक वर्षांपूर्वीची रात्र. सीझर, बाळाचे ठोके कमी होत चाललेले, सगळ्यांची धावपळ. स्पायनलचा, म्हणजे पाठीच्या कण्यात सुईने द्यायच्या भुलीचा ट्रे मीच मांडला होता. तेव्हा मला ओटीत चौदा वर्षं झाली होती. डॉक्टर हातमोजे घालून बाईच्या पाठीमागे बसलेले. मी अँपूल फोडून पुढे धरलं. तशी बाजूला उभी असलेली पोरगी, ओटीत येऊन तिला दुसराच आठवडा होता, म्हणाली, "सिस्टर, नाव वाचायचं राहिलं." मी वाचलं. ट्रानेक्सॅमिक ॲसिड. रक्तस्राव थांबवायचं, शिरेतून द्यायचं औषध. स्पायनलचं खरं औषध, हेवी बुपिवाकेन, शेजारीच होतं, तसंच काचेचं, जवळजवळ तेवढंच. डॉक्टरांची सिरिंज तोवर पुढे आली होती. बाईला काही झालं नाही, बाळ रडलं, पेढे वाटले गेले. मी मात्र ड्रेसिंग रूममध्ये जाऊन बराच वेळ बसून होते. हे औषध पाठीच्या कण्यात गेलं तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात, जवळजवळ निम्मे पेशंट वाचत नाहीत. पुढे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच अदलाबदलीबद्दल जगभर इशारा दिला, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तोच ट्रे आला.

त्या मुलीला नाव मोठ्याने वाचायचा नियम मीच घालून दिला होता. तिने तो माझ्यासाठीही पाळला. तिच्या जागी ओरडा खाऊन गप्प झालेली मुलगी असती तर? म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते ती हीच: भुलीच्या बाजूला उभं राहणाऱ्या सिस्टरचं मुख्य काम तोंड उघडणं. अँपूल फोडण्याआधी नाव, ताकद, तारीख मोठ्याने वाच, आणि डॉक्टरांनी ऐकून "हो" म्हटल्याशिवाय फोडू नकोस. घाई असेल तेव्हा तर नक्कीच. स्पायनलच्या ट्रेवर स्पायनलचंच औषध. ट्रानेक्सॅमिक, ऑक्सिटोसिन, बाकी सगळं दुसऱ्या टेबलावर, हात लांब करावा लागेल इतकं दूर. सिरिंज भरली की लगेच चिकटपट्टीवर नाव. लेबल नसलेली सिरिंज कुणाचीही असो, फेकून द्यायची.

स्पायनल दिल्यावर पहिली दहा मिनिटं बाईचा हात हातात धर. उजव्या कुल्ल्याखाली घडी घातलेली चादर सरकव, म्हणजे पोट डावीकडे कलतं आणि मोठ्या शिरेवरचा दाब कमी होतो. बीपी दर मिनिटाला. पण मशीनचा पट्टा फुगून आकडा येईपर्यंत बाई स्वतःच सांगते. "बाई, मळमळाया लागलं," "जीव घाबरा होतोय" असं ती म्हणाली की आकड्याची वाट न बघता डॉक्टरांना सांग. बहुतेक वेळा बीपी पडायला लागलेलं असतं. तिच्याशी बोलत राहा, गाव कोणतं, पहिलं लेकरू कितवीत आहे. आवाज बारीक होत गेला, बोटांना मुंग्या आल्या म्हणाली, तुझा हात दाबायला सांगितल्यावर पकड ढिली लागली, तर भूल वर चढतेय. हे सगळं तुला तिच्या हातातून कळतं, आणि तिलाही कुणीतरी धरलंय एवढा आधार असतो.

ओरडण्याबद्दल. तुझ्या इन्चार्ज सिस्टरांना मी ओळखत नाही. पण ऑपरेशन चालू असताना विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणाला सुचत नाही, हे मी माझ्यावरून सांगते. त्यांना दुपारी ट्रॉली लावताना विचार, "सिस्टर, हे असं का ठेवता?" असं. हातात वही ठेव. दोन महिने हाताशी आहेत, त्यांच्या जागेवरच्या सगळ्या सवयी लिहून घे. त्यांच्याबरोबर निदान पंधरा-वीस केसेस होईपर्यंत रात्री एकटीला लावू नका, असं मेट्रनना लेखी दे. ते तुझ्यासाठी जेवढं, तेवढंच पेशंटसाठी आहे. आणि नव्या मुलींवर ओरडणाऱ्या माझ्या वयाच्या सिस्टर हे वाचत असतील तर त्यांनाही हात जोडून सांगते, त्या रात्री ती मुलगी गप्प राहिली असती तर मी आज हे लिहीत नसते.

उद्या ड्युटीवर गेलीस की पहिल्यांदा सिलिंडरची चावी बघ. सुटी असेल तर बँडेजच्या पट्टीने ट्रॉलीला बांधून टाक. मग फ्रिज उघडून स्कोलीन (नळी घालताना स्नायू ढिले करायचं औषध) आत आहे का, आणि लाइट जाऊन फ्रिज किती वेळ बंद होता हे कुणी लिहून ठेवतं का ते बघ. ठेवत नसतील तर दारावर एक कागद चिकटव आणि लिहायला तूच सुरुवात कर. घशात बघून श्वासाची नळी घालायच्या लॅरिंगोस्कोपचा बल्ब लागतो का तेही बघून मला कळव.