‘पीलर’: लंडनच्या आधी टिपेररी

प्रश्न असा आला आहे: आयर्लंडच्या इतिहासावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना १८१६ सालच्या टिपेररीच्या वर्णनात ‘पीलर’ हा शब्द भेटला. कोशात अर्थ मिळाला तो ‘पोलीस शिपाई, लंडनचे पोलीस दल उभारणारे सर रॉबर्ट पील यांच्या नावावरून’ असा. पण लंडनचे दल १८२९ सालचे. मग तेरा वर्षे आधी हा शब्द आयर्लंडमध्ये कुठून आला? आणि मराठीत सरळ ‘पोलीस’ लिहिले तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. शब्द आयर्लंडमध्येच जन्मला आणि तिथून लंडनला गेला. व्यक्ती तीच, रॉबर्ट पील. फक्त कोशाने त्याच्या आयुष्यातला पुढचा टप्पा धरला आणि आधीचा सोडून दिला. १८१२ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, पील आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी, म्हणजे तिथला कारभार पाहणारा ब्रिटिश मंत्री, झाला आणि १८१८ पर्यंत त्या पदावर राहिला. १८१४ साली त्याने ‘पीस प्रिझर्वेशन’ कायदा करून घेतला. या कायद्याखाली उभ्या राहिलेल्या पथकातल्या शिपायांना लोक ‘पीलर’ म्हणू लागले. पहिले पथक त्याच वर्षी सप्टेंबरात टिपेररी काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) मिडलथर्ड बॅरनीत, म्हणजे काउंटीच्या एका पोटविभागात, रिचर्ड विलकॉक्स या मॅजिस्ट्रेटच्या हाताखाली गेले. तुमच्या लेखातली जागा आणि काळ दोन्ही त्यामुळे अगदी बरोबर आहेत.

इंग्रजीत ‘पील’ म्हणजे साल आणि सोलणे असल्यामुळे या शब्दाची फोड ‘सोलून काढणारे’ अशी करायचा मोह होतो. व्युत्पत्ती म्हणून ती चूक आहे. आडनावावर कोटी मात्र त्या काळी होत होती: आयरिश कॅथलिकांचा पुढारी डॅनियल ओ’कॉनेल याने पीलला ‘ऑरेंज पील’ म्हटले. एका बाजूने संत्र्याची साल आणि दुसऱ्या बाजूने कडव्या प्रॉटेस्टंटांची ऑरेंज ऑर्डर, असा तो दुहेरी टोला होता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असेच द्यावे लागेल, आणि ते जरा सविस्तर द्यायला हवे.

‘पोलीस’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कायम असलेली चौकी येते. पीलर असे नव्हते. एखाद्या भागात दंगाधोपा वाढला की लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे डब्लिनमधला राजप्रतिनिधी, जाहीरनामा काढून तो भाग अशांत घोषित करी. मग सरकारने नेमलेला पगारी मॅजिस्ट्रेट आणि त्याच्या हाताखालचे हत्यारबंद शिपाई, बहुतेक माजी सैनिक, तिथे येऊन ठाण मांडत. शांतता झाली की पथक उठायचे. आणि या सगळ्याचा खर्च? तो त्याच भागातल्या लोकांवर. सुरुवातीला तर पूर्ण खर्च त्यांच्याच माथी होता. तो इतका जड झाला की स्थानिक मॅजिस्ट्रेट पथक मागवायलाच कचरू लागले, म्हणून १८१७ साली कायदा बदलून दोन तृतीयांशापर्यंत खर्च सरकारी तिजोरीतून देण्याची सोय करावी लागली.

पेशवाईच्या कागदपत्रांतला ‘मोहसल’ इथे आठवतो. येणे वसूल होईपर्यंत देणेकऱ्याच्या दारात शिपाई बसवायचा आणि त्याचा भत्ता त्या देणेकऱ्यानेच भरायचा. टिपेररीत असा मोहसल एका घरावर नव्हे, तर अख्ख्या बॅरनीवर बसवला होता. म्हणूनच ‘पीलर’ शब्दात धाक आहे, तसाच पट्टीचा बोजाही आहे. जाळपोळ करणारे मूठभर आणि पट्टी भरणारे सगळे, ही त्या व्यवस्थेतली सल ‘पोलीस’ या शब्दात उतरत नाही.

पण ज्या दंगाधोप्यासाठी हे पथक आले तो काय होता, हे कळल्याशिवाय शब्दाचा रंग पुरता कळायचा नाही. आयरिश कुळांच्या गुप्त टोळ्यांची परंपरा १७६१ च्या सुमाराला, पुन्हा टिपेररीतच, ‘व्हाइटबॉय’ मंडळींपासून सुरू होते. रात्री कपड्यांवर पांढरे सदरे चढवून ते बाहेर पडत, म्हणून हे नाव. सामाईक गायराने कुंपणात गेली होती. कॅथलिक कुळांना प्रॉटेस्टंट चर्चला दशमांश द्यावा लागे, आणि दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतासारख्या भागात गरिबाच्या बटाट्याच्या वाफ्यावरही तो बसे. पुढे नावे बदलत गेली: १८०६ च्या सुमाराला मेयोकडे थ्रेशर, मन्स्टरमध्ये कॅराव्हॅट आणि शॅनाव्हेस्ट हे एकमेकांशी झुंजणारे दोन गट, उत्तरेकडे रिबनमेन, १८३० च्या आसपास क्लेअरमध्ये टेरी ऑल्ट. गाऱ्हाणे मात्र जवळपास तेच राहिले: खंड, दशमांश, आणि जमिनीवरून हुसकून लावणे. नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ मध्ये संपले तेव्हा धान्याचे भाव कोसळले. खंड मात्र युद्धकाळातल्या तेजीच्याच हिशेबाने मागितला जात होता. पाठोपाठ १८१६ चा ओला उन्हाळा, बुडालेले पीक आणि टायफसची साथ आली.

या टोळ्यांची मोठी ताकद म्हणजे साक्षीदारांचे तोंड बंद ठेवणे, आणि त्यासाठी त्यांनी केलेली कृत्ये भयंकर होती हे लपवण्यात अर्थ नाही. १८१६ साली लाऊथ काउंटीत वाइल्डगूस लॉज नावाच्या घरावर शस्त्रांसाठी छापा पडला. घरमालक एडवर्ड लिंच याने कोर्टात साक्ष दिली आणि तिघे फासावर गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी ते घर आतल्या माणसांसकट जाळण्यात आले. आठ जण मेले, त्यात एक तान्हे मूलही होते. या प्रकरणी पुढे अठरा जणांना फाशी झाली. दोन्ही बाजूंचा हा हिशेब पाहिला की गावात कोणी तोंड का उघडत नसे हे समजते. जुन्या व्यवस्थेतले बॅरनीचे कॉन्स्टेबल थोडके आणि निकामी का ठरले, हेही त्यातूनच कळते.

या टोळ्या दारावर किंवा चर्चच्या भिंतीवर धमकीचे कागद चिकटवत. १८२१ ते १८२४ च्या उठावात अशा कागदांखाली ‘कॅप्टन रॉक’ अशी सही असे. हा उठाव लिमरिक काउंटीतल्या न्यूकॅसल वेस्टच्या जहागिरीवर, कारभारी अलेक्झांडर हॉस्किन्सच्या सक्तीविरुद्ध सुरू झाला. कॅप्टन रॉक हा काही एक माणूस नव्हता, ते सगळ्यांनी वापरायचे नाव होते. तुमच्या लेखात असे कागद आले तर ‘धमकीपत्र’ लिहून ओलांडू नका. मराठीत त्यासाठी जुना, नेमका शब्द आहे: जासाचिठ्ठी. ‘मागणी पुरी करा, नाहीतर गंज पेटवू, घर जाळू’ अशी जी चिठ्ठी दरोडेखोर किंवा दुखावलेला माणूस रात्री ठेवून जाई, ती जासाचिठ्ठी. असा शब्द हाताशी असताना तो गमावू नये असे मला मनापासून वाटते.

आणखी दोन ठिकाणी अनुवाद घसरण्याची भीती आहे. एक ‘मॅजिस्ट्रेट’. आपण ‘दंडाधिकारी’ लिहून मोकळे होतो, पण त्या आयर्लंडमधला साधा मॅजिस्ट्रेट म्हणजे बिनपगारी स्थानिक जमीनदार. त्याच्या कुळांच्या तक्रारी त्याच्यापुढेच जायच्या. पीलने आणलेला मॅजिस्ट्रेट पगारी आणि बाहेरचा. हा फरक ‘जमीनदार मॅजिस्ट्रेट’ आणि ‘पगारी मॅजिस्ट्रेट’ असे लिहून राखता येतो. दुसरा ‘आउटरेज’. त्या काळच्या सरकारी अहवालांत हा शब्द पदोपदी येतो. जासाचिठ्ठीपासून खुनापर्यंत काहीही त्यात बसते. आजच्या मराठीत ‘अत्याचार’ म्हटले की मनात भलतेच येते. ‘उपद्रव’ किंवा ‘उपद्रवाची घटना’ बरे.

पीलरांबरोबर ‘इन्सरेक्शन’, म्हणजे बंडाविरुद्धचा, कायदाही येतो, तो वेगळा ठेवा. मूळ कायदा १७९६ चा, आणि तो १८१४ व १८२२ साली पुन्हा लागू केला गेला. सूर्यास्तानंतर घराबाहेर सापडलेल्या माणसाला ज्यूरीशिवाय दोषी ठरवून सात वर्षे देशाबाहेर धाडता येई. आपला ‘काळे पाणी’ हा शब्द अंदमानाशी बांधलेला आहे. या लोकांची रवानगी ऑस्ट्रेलियात होई. म्हणून ‘हद्दपारी’ किंवा ‘सागरपार शिक्षा’ लिहावे.

१८२२ साली दर काउंटीसाठी कायमचे कॉन्स्टेब्युलरी, म्हणजे पोलीस, दल आले आणि १८३६ साली डब्लिनच्या एकहाती ताब्यातले ‘आयरिश कॉन्स्टेब्युलरी’. पीलची मूळ पथके त्यात विलीन झाली, पण नाव मागे उरले, आणि नव्या दलाचे शिपाईही लोकांच्या तोंडी पीलरच राहिले. टिपेररीतल्या बान्शा गावाकडच्या एका लोकगीतात रात्रीच्या गस्तीवरचे पीलर रस्त्यात भेटलेल्या शेळीलाच पकडतात. लंडनमध्ये १८२९ नंतर ‘पीलर’ आणि ‘बॉबी’ ही दोन्ही नावे चालली. दोन्ही पीलचीच, एक आडनावावरून आणि एक रॉबर्टच्या लाडक्या रूपावरून. इंग्लंडमध्ये पुढे आपुलकीचे ‘बॉबी’ टिकले, ‘पीलर’ मागे पडले. बेलफास्टकडे मात्र आजही बोलताना पोलिसांना ‘पीलर’ म्हणतात. लंडनचा बॉबी बिनबंदुकीचा, आयर्लंडचा पीलर बंदूकधारी, हे ध्यानात घेतले तर कुठे कोणते नाव रुजले याचे नवल वाटत नाही.

मराठी वाचकाचा या इतिहासाशी दूरचा नव्हे, थेट संबंध आहे. १८४३ साली सिंध जिंकल्यावर ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियरने तिथले पोलीस आयरिश कॉन्स्टेब्युलरीच्या नमुन्यावर उभे केले. १८४७ साली सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १८५३ च्या सुमाराला इलाख्यातल्या जिल्हा पोलिसांची फेरबांधणी झाली ती सिंधचा कित्ता समोर ठेवून. पुढे १८६१ च्या पोलीस कायद्यातही अशांत भागात जादा पोलीस ठेवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करण्याचे कलम होते, पंधरावे. १८९७ साली रँडच्या खुनानंतर पुण्यावर जादा पोलीस बसवले गेले आणि त्याचा भुर्दंड पुणेकरांवर पडला, ती टिपेररीत वापरलेलीच रीत.

तेव्हा तुमच्या अनुवादासाठी माझी सूचना अशी. ‘पीलर’ हाच शब्द देवनागरीत ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच ‘अशांत ठरवलेल्या भागावर त्याच भागाच्या खर्चाने बसवलेले सरकारी हत्यारबंद शिपाई’ इतका खुलासा करा. पुढे क्रियापद निवडताना ‘पीलर आले’ किंवा ‘पीलर तैनात झाले’ यापेक्षा ‘बॅरनीवर पीलर बसवले’ असे लिहा. ‘बसवणे’ या क्रियापदात मोहसल, जादा पोलीस आणि पट्टी हे तिन्ही मराठीत आधीपासूनच आहेत. १८३६ नंतरच्या मजकुरात मात्र नुसते ‘पोलीस’ चालेल. तेव्हा दल कायमचे झाले होते आणि ‘पीलर’ हे फक्त लोकांच्या तोंडचे नाव उरले होते.