नव्या स्पार्क प्लगचा गॅप तपासावा का? आणि किती ठेवावा?

तुम्ही सोलापूरहून विचारलंय की सेकंड हँड पेट्रोल गाडीला नवे प्लग आणलेत, दुकानदार म्हणतो गॅप (ठिणगी जिथं उडते ती फट) कंपनीतूनच केलेला असतो, मेकॅनिक म्हणतो एक्सा ब्लेड, म्हणजे करवतीचं पातं, फिरवून घेऊ, तर ऐकायचं कुणाचं?

दोघांचंही नका ऐकू, फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचं फट मोजायचं साधन) घ्या. मीही सोलापूरचाच, त्यामुळे हे ब्लेड प्रकरण चांगलं ओळखून आहे. हाताच्या करवतीचं पातं साधारण ०.६५ मिमी जाड असतं. पॉइंट-कंडेन्सरवाल्या जुन्या गाड्यांची कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) कमी जोराची, त्यांचा गॅपही ०.६-०.७ च्या आसपासच असायचा. तिथं पातं बरोबर बसायचं. गाड्या बदलल्या, पातं मात्र खिशात राहिलं. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांना १.० ते १.१ मिमी लागतो. त्यांचा प्लग पात्याएवढा दाबला की ठिणगी आखूड पडते. गाडी सुरू होते, म्हणून कुणाला शंका येत नाही, पण स्लोवर थरथरत राहते.

माझी चूक उलटी होती. मोठी ठिणगी म्हणजे जास्त पिकअप, असं डोक्यात घेऊन मी गॅप १.३ ला नेऊन ठेवला. सात रस्ता ते आसरा चौक, काही कळलंच नाही, गाडी मस्त. रविवारी आईला घेऊन तुळजापूरला निघालो आणि घाटात तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबल्यावर गचके सुरू. आई म्हणाली, "गाडीला उचकी लागलीय का रे?" खरंच तसंच होतं. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, ठिणगी पडायच्या वेळी आतला दाब वाढतो आणि तेवढ्या दाबातून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. त्यात गॅप मोठा असला की कॉइल कमी पडते आणि इंजिन मिस मारतं, म्हणजे मधूनच ठिणगी चुकते. म्हणून घरासमोर न्यूट्रलला रेस देऊन "बरोबर आहे" म्हणू नका, चढावर नेऊन बघा.

आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, माझ्याकडून नको. एनजीके कंपनीच्या प्लगवर नंबराच्या शेवटी '-११' असेल तर तो १.१ मिमीवर ठेवून आलेला असतो, '-९' असेल तर ०.९ वर. पण खोका कुठं आपटला असेल तर तो आकडा नुसता छापलेलाच राहतो. सीएनजी किट असेल तर वेगळं गणित. गॅसला ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे तिथं गॅप बहुधा कमी सांगतात. किटच्या कागदात दिला असेल तोच ठेवा.

इंजिन गार असताना प्लग काढा. आपल्याकडच्या मे महिन्यात गार म्हणजे पहाटेच. प्लग सैल करण्याआधी खड्ड्यातली धूळ हवा मारून काढा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. गेजची पट्टी गॅपमधून किंचित अडखळत सरकली पाहिजे. गॅप कमी करायचा तर प्लगच्या टोकाची बाहेरची वाकडी पट्टी लाकडावर हलकेच टेकवत दाबा. वाढवायचा तर तीच पट्टी बाहेर ओढा. मधल्या दांड्यावर टेकू देऊन काहीही उचकटायचं नाही, त्याभोवतीची चिनी माती तडकते. इरिडियम प्लग असेल तर त्याला हातच लावू नका. त्याचं टोक जेमतेम अर्ध्या मिमीच्या आसपास जाड असतं, मोडलं की पैसे गेले. गॅप चुकीचा निघाला तर दुकानात परत द्या.

बसवताना प्लगच्या डोक्याला रबरी नळीचा तुकडा लावून बोटांनी फिरवा. आटे तिरके लागत असतील तर नळीच घसरते, हेड (इंजिनाचा प्लग बसतो तो वरचा भाग) वाचतं. बोटांनी पूर्ण बसला की वॉशरवाल्या नव्या प्लगला पान्याने अर्धा फेरा, फार तर थोडं पुढे. जुनाच परत लावत असाल तर जेमतेम हलवा. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर प्लगच्या कितीतरी पट खर्च येतो.

एवढं करूनही चढावर मिस मारली आणि तुमच्या गाडीला प्रत्येक सिलिंडरची वेगळी कॉइल असेल, तर दोन कॉइलची अदलाबदल करून बघा. मिस दुसऱ्या सिलिंडरला गेला तर कॉइलच बदला, गॅपला पुन्हा हात लावू नका.