वाचकांचे प्रश्न : बोनागिलचा किल्ला

प्रश्न : दक्षिण-पश्चिम फ्रान्समधला बोनागिलचा किल्ला आतून-बाहेरून पडका आहे. तो कोणत्या लढाईत पडला?

उत्तर : लढाईत नाही. लोत-ए-गारोन जिल्ह्यातल्या फुमेल गावाजवळ, एका खडकाळ सोंडेवर हा किल्ला आहे. मूळ बालेकिल्ला तेराव्या शतकातला. आज दिसते ते बहुतेक बांधकाम बेरांजे द रोकफ्यय या सरदाराचे, सुमारे 1480 ते 1520 या काळातले. अठराव्या शतकात मार्गरीत द फुमेल यांनी इथे राहण्याजोगा वाडा केला आणि उचलत्या पुलांच्या जागी पक्के पूल बांधले. फ्रेंच राज्यक्रांतीत मात्र सरंजामी सत्तेची खूण म्हणून वरचे मजले आणि छपरे उतरवली गेली. छप्पर गेले की पावसाचे पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरते, दगडांच्या सांध्यांतला चुना विरघळतो आणि दगड सुटू लागतात. बरीच पडझड अशी, पावसाने केलेली. 1860मध्ये फुमेल नगरपालिकेने किल्ला विकत घेतला आणि 1862मध्ये त्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला, म्हणून तो एवढा तरी उरला.

प्रश्न : तोफा आल्यावर उंच बुरूज निरुपयोगी ठरले, असे वाचले. मग बेरांजेने ते का बांधले?

उत्तर : त्याला वेड्यात काढणाऱ्यांनी तटाचा तळ नीट पाहिलेला नसतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस दगडी गोळ्यांऐवजी ओतीव लोखंडी गोळे आले. ते भिंतीच्या पायथ्याला सतत बसले की वरचा सगळा भार खाली येतो. म्हणून इथे बालेकिल्ल्याभोवती सुमारे साडेतीनशे मीटरचा बाहेरचा तट आहे आणि तोफा-बंदुकांसाठीच्या जंग्या, म्हणजे मारा करायची भिंतीतली भोके, अगदी खाली, खंदकालगत ठेवल्या आहेत. तिथून झाडलेला गोळा जमिनीला समांतर जातो. वरून झाडलेला एकाच जागी रुततो. एका बुरुजाच्या पायथ्याशी आलेला शत्रू शेजारच्या बुरुजाच्या माऱ्यात सापडतो. दरवाजापुढे खंदकापलीकडे वेगळी बार्बिकन, म्हणजे दरवाजा राखणारी पुढची तटबंदी आहे; त्यामुळे ती जिंकल्यावरही हल्लेखोर किल्ल्याबाहेरच. बालेकिल्ल्याला जहाजाच्या नाळेसारखे टोक आहे. त्यावर गोळा तिरका बसून घसरतो.

उणीव धुराची. बंद तोफखोलीत एका बारानंतर धूर कोंडतो आणि पुढचा बार लांबतो. उंच बुरूज आणि त्यांच्या माथ्यावरचे पुढे आलेले सज्जे जुन्या पद्धतीचे, हे खरे. पण टेहळणी, शिडी लावणाऱ्यांवर मारा आणि सरदाराचा दरारा यांसाठी ते लागतच. ज्या मोठ्या वेढ्यासाठी ही तयारी केली, तो बेरांजेच्या हयातीत पडलाच नाही.

प्रश्न : पाहायला जायचे तर कसे?

उत्तर : रेल्वेने मोंसांप्रों-लिबोस, पुढे रस्त्याने. आधी बाहेरून फेरी मारा, जंग्यांची उंची आणि रोख पाहा, मग आत शिरा. पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स 1908मध्ये सायकलवरून फ्रान्समधले किल्ले अभ्यासत हिंडला, तेव्हा इथेही येऊन गेला. बूट मात्र पकड असलेले घाला. पायऱ्या झिजलेल्या आहेत.